शस्त्रक्रियेनंतरची वाट

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांची नावे उच्चारली की डोळ्यांसमोर कुपोषण येते, हिवताप येतो, सिकलसेल येतो. लठ्ठपणा हा मुंबई-पुण्याकडच्या सुखवस्तूंचा आजार, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. ती आता सोडून द्यावी लागेल. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने महाराष्ट्राचे जे चित्र पुढे ठेवले, ते चमत्कारिक आहे. राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के प्रमाणापेक्षा कृश, तर सुमारे २३ टक्के प्रमाणापेक्षा स्थूल! एकीकडे पोट भरत नाही आणि दुसरीकडे देह आवरत नाही. कोळसा खाणी, औष्णिक वीज केंद्र आणि सिमेंट कारखाने यांच्या आधाराने चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, घुग्घुस या परिसरात जी नोकरदार वस्ती उभी राहिली, तिचे आयुष्य पाळीच्या कामाचे, अपुऱ्या झोपेचे आणि दोन्ही वेळच्या भाताचे आहे. शेतावर राबणाऱ्या आजोबांचे ताट नातवाने तसेच ठेवले. राबणे मात्र सुटले.

२३ फेब्रुवारी २०२५ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी स्वयंपाकातील तेल दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले, ते योग्यच झाले. ज्यांचे वजन थोडेफार वाढले आहे, त्यांना ते आवाहन पुरेसे आहे. परंतु ज्याचे वजन सव्वाशे किलोवर गेले आहे, ज्याला रात्री श्वास अडकून जाग येते, गुडघे जिना चढू देत नाहीत आणि मधुमेह तीन-तीन गोळ्यांना दाद देत नाही, त्याच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. अशी माणसे आता नागपूरला जाऊन जठरावरील शस्त्रक्रिया करून घेऊ लागली आहेत. ही गोष्ट बहुधा लपवली जाते. शेजाऱ्यांना ‘पित्ताशयाचे ऑपरेशन’ असे सांगितले जाते. लग्नाच्या मुलीची शस्त्रक्रिया असेल, तर सख्ख्या मावशीलाही पत्ता लागू दिला जात नाही.

हे लपवणे का घडते? त्याचे उत्तर अप्रिय असले तरी दिले पाहिजे. आपण, म्हणजे संयम आणि व्यायाम यांचा पुरस्कार करणारी, पहाटे उठून सूर्यनमस्कार घालणारी मंडळी, लठ्ठ माणसाकडे आजारी म्हणून पाहत नाही. दुबळ्या मनाचा म्हणून पाहतो. ‘तोंडावर ताबा ठेवला असता तर पोट कापावे लागले नसते,’ हे वाक्य अनेक सुसंस्कृत घरांत बोलले जाते. वैद्यकशास्त्र काही वेगळे सांगते. वजन एका मर्यादेपलीकडे गेल्यावर शरीर त्या वजनालाच आपले मानू लागते. उपाशी राहून पंधरा-वीस किलो उतरवले, तर भूक वाढवणारी संप्रेरके जोर धरतात, शरीर ऊर्जा काटकसरीने वापरू लागते आणि दोन-चार वर्षांत गेलेले वजन व्याजासह परत येते. अशा माणसाने संयम पाळलेला नसतो असे नाही. त्याने तो आपल्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा पाळलेला असतो आणि दर वेळी तो हरलेला असतो. जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून चहाच्या कपाएवढी नळी ठेवली, किंवा जठराची लहान पिशवी करून ती आतड्याच्या पुढच्या भागाला जोडली, की केवळ जागाच कमी होत नाही. भुकेची संप्रेरकेही बदलतात. पहिल्या वर्ष-दीड वर्षात एकूण वजनाच्या पाव हिश्शाहून अधिक वजन उतरते आणि अनेकांचा मधुमेह आटोक्यात येतो. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. २०२५ पासून आपल्याकडे मिळू लागलेली वजन उतरवणारी नवी इंजेक्शनेही अनेकांना उपयोगी पडत आहेत. मात्र ती थांबवली की वजन बहुधा परत चढते. तेव्हा शस्त्रक्रिया हा आळशी माणसाचा आडमार्ग आहे, हे म्हणणे आता टिकणारे नाही.

ही शस्त्रक्रिया कोणीही उठून करून घ्यावी अशीही नाही. आपल्याकडील शल्यविशारद साधारणतः शरीरभार निर्देशांक ३७.५ च्या वर असेल, किंवा मधुमेहासारखा विकार जोडीला असून तो ३२.५ च्या वर असेल, तर तिचा विचार करतात. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीच्या बाबतीत याचा अर्थ अनुक्रमे ९६ आणि ८३ किलो. विमा कंपन्यांची अट मात्र अधिक कडक आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली ठरवून दिलेल्या शब्दरचनेनुसार निर्देशांक ४० असावा लागतो, किंवा हृदयविकार, तीव्र निद्राश्वासरोध, आटोक्यात न येणारा मधुमेह असे काही असल्यास ३५. डॉक्टरांनी ‘करा’ म्हटले म्हणून विमा मिळेलच असे नाही, हे कर्ज काढण्यापूर्वी कोणीतरी सांगावयास हवे. ते सांगणारा कोण?

येथे आपल्या विषयाचा गाभा आहे. शल्यविशारद शस्त्रक्रिया उत्तम करतो, आहारतज्ज्ञ छापील कागद देतो आणि रुग्ण दीडशे किलोमीटरवर चंद्रपूरला किंवा त्याहूनही दूर अहेरी-सिरोंच्याकडे परततो. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कंगव्यात केसांचा पुंजका येतो आणि मुलगी रात्रभर रडते. वजनाचा काटा तीन आठवडे एकाच आकड्यावर अडतो आणि सारे फसले असे वाटते. चार घास खाऊन पान सारले की सासूबाई म्हणतात, “एवढंसं खाऊन कसं व्हायचं?” आणि त्या मायेच्या आग्रहापुढे एक घास जास्त जातो, छातीत कळ येते, उलटी होते. या प्रत्येक गोष्टीचे उत्तर पुस्तकात आहे. पण ज्या बाईचे केस गेले आणि पुन्हा आले, तिने “माझेही गेले होते, सहा-आठ महिन्यांत आले, तू डाळ-अंडी सोडू नकोस,” असे म्हणणे आणि कागदावर ते वाचणे यांत मोठे अंतर आहे.

ही कल्पना या भूमीला नवी नाही. १९४९ साली वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी आनंदवन उभे केले, तेव्हा बऱ्या झालेल्या कुष्ठरुग्णांचे हातच नव्याने आलेल्यांच्या आधाराला उभे राहिले. डॉ. अभय बंग यांना गडचिरोलीत काम करीत असताना ऐन चाळिशीत हृदयविकाराने गाठले आणि त्यातून ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक निघाले. मराठी घराघरांत ते वाचले गेले. त्यातील वैद्यकीय माहिती इतरत्रही मिळाली असती, पण सांगणारा स्वतः त्या खाटेवर पडून उठलेला होता. दारूमुक्तीच्या कामातही हाच अनुभव येतो. सुटलेल्या माणसाचे शब्द पिणाऱ्याच्या कानात शिरतात. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेबाबत मात्र जो तो एकटा. एकाच कॉलनीत दोन घरांत दोन शस्त्रक्रिया झालेली माणसे असतात आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो.

अशा अनुभवी सोबत्याने काय सांगावे? मोठमोठ्या शहरांतील सल्ले येथे तसेच्या तसे उपयोगी नाहीत. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने हवीत, हे डॉक्टर सांगतात. एका अंड्यात सहा ग्रॅम आणि वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, हा हिशेब मांडला की शाकाहारी घराची धांदल उडते. म्हणून ताटात भात शेवटी, आधी डाळ, पनीर, दही, सोयाबीन, पोपटाच्या शेंगांचे दाणे. मांसाहार करणाऱ्यांना तलावातील मासळी आहेच. जेवताना पाणी नाही. पाणी अर्ध्या तासाने, घोट घोट. गोड पदार्थाने कोणाला घाम फुटतो, चक्कर येते. तेव्हा लग्नाच्या पंगतीत काय टाळायचे, हे त्या पंगतीत बसलेला माणूसच नेमके सांगू शकतो. उपवासाचा प्रश्न तर आपल्याच घरांचा आहे. एकादशीला साबुदाण्याची खिचडी म्हणजे लहानशा पिशवीत जवळजवळ नुसते पिष्ट भरणे, आणि निर्जळी उपवास या देहाला धोक्याचा. दूध-ताकावरचा उपवास डॉक्टरांना विचारून करता येतो. प्रसादाचा कण घेतला तरी तो प्रसादच असतो, हे घरातील वडीलधाऱ्यांनीच म्हटले तर सुनेचे अर्धे ओझे उतरेल.

खर्ऱ्याविषयी आम्ही जरा कठोरपणेच लिहितो. या दोन जिल्ह्यांत खर्रा हा पाहुणचाराचा भाग होऊन बसला आहे. तंबाखूने जठर आणि आतडे यांच्या नव्या जोडावर व्रण होण्याचा धोका वाढतो. शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी खर्रा सुटला नाही, तर शस्त्रक्रिया पुढे ढकललेली बरी. अंगदुखीच्या गोळीचेही तसेच. गावातल्या दुकानातून घेतलेली साधी दिसणारी वेदनाशामक गोळी बायपास झालेल्याच्या पोटात व्रण पाडू शकते. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरातील २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठली. कायदा काहीही असो, बायपासनंतर दारू रक्तात फार वेगाने चढते आणि पूर्वी कधी व्यसन नसलेल्यालाही ते जडू शकते. जेवणाचा आधार गेला की मन दुसरा आधार शोधते, हे सोबत्याने ओळखावे.

आणखी एक बाब या भागाचीच आहे. येथील अनेक समाजांत सिकलसेल आढळतो. शस्त्रक्रियेपूर्वी त्याची तपासणी झाली पाहिजे, कारण भुलीच्या काळात प्राणवायू कमी पडणे आणि नंतर घोट घोट पाण्यावर राहताना शरीर कोरडे पडणे, या दोन्ही गोष्टी सिकलसेलच्या रुग्णाला संकटात टाकू शकतात. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिच्यात मिळालेले कार्ड ज्यांच्याकडे आहे, त्यांनी ते नागपूरच्या डॉक्टरांना न विसरता दाखवावे. रक्त कमी आहे म्हणून सरसकट लोहाच्या गोळ्या घेणेही अशा रुग्णाला योग्य नव्हे.

मात्र सोबत्याने आपली मर्यादा ओळखली पाहिजे. ‘मला चालले, तुलाही चालेल’ हा या क्षेत्रातील सर्वांत घातक सल्ला. औषधाचा डोस, इन्सुलिन कमी करणे, पुढच्या टप्प्यातील अन्न कधी सुरू करायचे, हे त्याचे काम नव्हे. पहिल्या दिवसांत ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढती वेदना, नाडीचे ठोके १२० च्या वर, असे काही दिसले तर धीर देत बसू नये, गाडी काढावी. उलट्या अनेक दिवस थांबत नसतील आणि दृष्टी दुहेरी होणे, तोल जाणे, गोंधळल्यासारखे होणे सुरू झाले, तर ब१ जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता असू शकते आणि तेथे एकेक दिवस मोलाचा असतो. विवाहित तरुणीने शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी, हे तिच्या नवऱ्याला आणि सासरलाही सांगावे लागते. ते सांगण्याचे धैर्य बाहेरच्या अनुभवी बाईकडेच असते.

आणि ज्यांचे वजन पुन्हा वाढले आहे, त्यांनाही या सोबतीत जागा असली पाहिजे. पाच-सात वर्षांनी काही किलो परत येतात, काहींचे बरेच येतात. अशी माणसे लाजेने डॉक्टरांकडे जाणे बंद करतात आणि त्याबरोबर जीवनसत्त्वांच्या गोळ्याही सुटतात. ब१२ चा शरीरातील साठा संपायला वर्षे लागतात. त्यामुळे पायांना मुंग्या येऊ लागेपर्यंत कोणाच्या काही ध्यानी येत नाही. भाषण देणाऱ्या यशस्वी माणसापेक्षा ‘माझे बारा किलो परत आले आणि मी तरीही तपासणीला गेलो’ असे सांगणारा येथे अधिक उपयोगाचा.

आपल्या कार्यकर्त्यांना हे काम अवघड नाही. रुग्णसाहित्य केंद्र चालवणारे, रक्तदानासाठी रात्री धावणारे हात गावोगावी आहेत. महिन्यातून एकदा चंद्रपुरात एखाद्या घरी पाच-सहा जण बसले, स्त्रियांची बैठक वेगळी ठेवली, नावे बाहेर जाणार नाहीत एवढी हमी दिली, तरी पुरे. नागपूरच्या रुग्णालयातील आहारतज्ज्ञाला दोन-तीन महिन्यांनी एकदा बोलवावे. जे दूर आहेत, त्यांना आठवड्याला एक फोन. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, हे दर पावसाळ्यात घडते. तिकडच्या रुग्णाजवळ जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम आणि प्रथिनांची पावडर तीन महिने पुरेल एवढी आहे का, हे मे महिन्यातच कोणीतरी विचारून ठेवावे.