जोखीम कुणाच्या पदरात?

सरकारी कागदावर ‘जोखीम’ हा शब्द अलीकडे फार दिसू लागला आहे. आपत्ती व्यवस्थापनाचे आराखडे, प्रकल्पांचे पर्यावरण अहवाल, आरोग्य खात्याची पत्रकं, सगळीकडे जोखमीचं मूल्यमापन आणि जोखमीचं व्यवस्थापन. हे वाचून आपल्यापैकी अनेकींना वाटतं, हा शास्त्रज्ञांचा प्रांत, आपलं तिथं काय काम? माझ्या मते आपलं तिथं फार काम आहे. जोखीम मोजताना कुणाचं शरीर, कुणाचं काम आणि कुणाचं ताट डोळ्यांसमोर धरायचं, हे कुणीतरी ठरवत असतं. ते ठरवताना बायका खोलीत नसतात. म्हणून हिशेब चुकतो, आणि त्याची किंमत बायकाच भरतात.

हे समजून घ्यायला रेवससारखं ठिकाण नाही. धरमतर खाडीच्या मुखाशी हा धक्का. समोर करंजा आणि उरण, त्यापलीकडे जवाहरलाल नेहरू बंदर, उत्तरेला मुंबई. भाऊच्या धक्क्याची लाँच इथूनच सुटते. मुंबईचा माल ज्या पाण्यातून ये-जा करतो, त्याच पाण्यावर इथल्या कोळी कुटुंबांचं पोट आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी याच बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या दोन जहाजांची टक्कर झाली. ‘चित्रा’ कलंडलं, त्यावरचे शेकडो कंटेनर समुद्रात पडले. काहींत कीटकनाशकं आणि इतर घातक रसायनं होती. सुमारे ८०० टन तेल पाण्यात गेलं आणि मुंबईपासून उरण-अलिबागपर्यंतच्या किनाऱ्यांवर, कांदळवनांत पसरलं. पावसाळी मासेमारीबंदी संपत आली होती, नारळी पौर्णिमा अडीच आठवड्यांवर होती. घरातली शिल्लक संपलेली, आणि नेमक्या त्याच वेळी ‘सध्या मासे खाऊ नका’ अशा सूचना निघाल्या. मासळीचं गिऱ्हाईक तुटलं.

आता या घटनेला शास्त्राचे शब्द लावून पाहू. धोका आणि जोखीम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिच्यात इजा करण्याची ताकद आहे ती गोष्ट म्हणजे धोका. जुलैचा खवळलेला समुद्र हा धोका आहे. पण किनाऱ्यावर उभ्या असलेल्या बाईला त्याची जोखीम नाही, होडीत बसलेलीला आहे. मधे एक दुवा लागतो, तो म्हणजे संपर्क. आणि तिसरी गोष्ट असुरक्षितता. होडी जुनी असेल, पोहता येत नसेल, पोटात मूल असेल, तर त्याच लाटेची जोखीम वाढते. धोका, संपर्क आणि असुरक्षितता यांतून जोखीम तयार होते. यातलं एक जरी मोजायचं राहिलं तरी उत्तर चुकतं.

तेलगळतीत धोका सर्वांना दिसला. काळा तवंग लपत नाही. पण संपर्काचं काय? जहाजाच्या जळाऊ तेलात काही घटक असे असतात की ते कर्करोगाला कारण ठरू शकतात. खोल पाण्यात पोहणाऱ्या माशाचं यकृत हे घटक बऱ्याच प्रमाणात मोडून बाहेर टाकतं. कालवं, खुबे, शिवल्या यांना ते नीट जमत नाही. शिवाय हे जीव चिखलात नाहीतर खडकावर एका जागी बसून पाणी गाळून जगतात. त्यामुळे त्यांच्या अंगात हे घटक साठतात. मग सरसकट ‘मासे खाऊ नका’ या सूचनेचा अर्थ काय झाला? खोल समुद्रातल्या पापलेटची जोखीम तुलनेने कमी होती, तरी ते विकणारीचं गिऱ्हाईक गेलं. आणि ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून खुबे-चिंबोऱ्या वेचणारी, ज्यांच्याकडे होडी नाही अशा घरातली बाई? तिचा हात, पाय आणि ताट तिन्ही त्या तेलाशी जोडलेले. तिच्यासाठी जास्त कडक, जास्त काळाची आणि नेमकी सूचना हवी होती: कोणत्या खाडीतलं, कोणतं मावरं, किती दिवस. सूचना काढणाऱ्यांच्या मनात शहरातला गिऱ्हाईक असतो. वेचून खाणारी बाई त्यांच्या यादीत नसते.

त्यानंतर येते मात्रा. पदार्थ विषारी की नाही, हा अर्धाच प्रश्न. किती, किती वेळा आणि कुणाच्या शरीरात, हा उरलेला अर्धा. इथे एक गोष्ट माहीत असायला हवी. १९७५ साली किरणोत्सर्गापासून संरक्षणाचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने हिशेबासाठी एक ‘प्रमाण माणूस’ ठरवला. तो २० ते ३० वर्षांचा, ७० किलो वजनाचा, युरोपात नाहीतर उत्तर अमेरिकेत राहणारा गोरा पुरुष होता. कुठलं तरी माप धरल्याशिवाय गणित होत नाही, हे मान्य. पण आपल्या पंचेचाळीस किलोच्या, रक्त कमी असलेल्या, अंगावर पिणारं मूल असलेल्या बाईला ते माप कसं लागू होणार? आठवड्यातून एकदा मासे खाणाऱ्याचा आणि रोज दोन वेळा मावरं खाणारीचा हिशेब एकच कसा? मापं पुढे सुधारली, पण ‘सरासरी माणूस’ म्हटलं की नजरेसमोर पुरुष येण्याची सवय गेलेली नाही.

ही सवय किती महाग पडते ते जपानमधल्या मिनामाताने दाखवलं. चिसो कंपनीच्या कारखान्यातून पारायुक्त सांडपाणी खाडीत जात होतं. मासे खाऊन मांजरं वेडीवाकडी नाचत मेली, मग कोळी कुटुंबं आजारी पडली. १९५६ साली या रोगाची अधिकृत नोंद झाली. १९५९ मध्ये कंपनीच्याच डॉक्टरने मांजरावर प्रयोग करून कारण शोधलं, कंपनीने ते दाबलं. सरकारने कारण जाहीर मान्य केलं ते १९६८ साली. त्या काळी डॉक्टर मंडळींचा समज होता की वार बाळाला विषापासून वाचवते. आया सांगत होत्या, आम्ही बऱ्या आहोत, पोरं अशी जन्मताहेत, आमच्या पोटातलं विष त्यांनी घेतलं. त्या बरोबर होत्या. १९६२ मध्ये वैद्यकशास्त्राने ते स्वीकारलं. जोखमीचं ज्ञान प्रयोगशाळेत असतं तसं स्वयंपाकघरातही असतं. ते विचारावं लागतं, एवढंच.

काहीजणी म्हणतील, मग ‘खाऊ नका’ म्हणणंच योग्य नव्हतं का? पुरावा पुरा नसताना सावध राहणं चांगलंच. मलाही ते मान्य आहे. पुऱ्या पुराव्याची वाट पाहत उपाय लांबवू नयेत, हे तत्त्व १९९२ च्या रिओ परिषदेने मांडलं आणि १९९६ साली वेल्लोरच्या चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ते देशाच्या कायद्याचा भाग मानलं. प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी, हेही त्याच निकालात आहे. माझा आक्षेप सावधगिरीला नाही, तिचं बिल कुणाच्या नावावर फाडलं जातं याला आहे. सावधगिरी सर्वांच्या भल्याची, तर तिचा खर्च एकट्या पाटीवालीने का सोसायचा? नुकसानभरपाईचे पंचनामे होडी, जाळी, घर मोजतात. होडीची नोंद बहुधा पुरुषाच्या नावावर. बुडालेलं गिऱ्हाईक, नासलेलं मावरं, कर्जाने घेतलेला माल यांना रकाना नसतो. २०१९ च्या ‘क्यार’ आणि ‘महा’ वादळांनंतरच्या मदतीत मासळी विक्रेत्यांना शीतपेट्यांपुरतं स्थान मिळालं, ही सुरुवात म्हणू. २५ मे २०२५ रोजी केरळच्या किनाऱ्याजवळ ‘एमएससी एल्सा ३’ बुडालं, तेव्हा तिथल्या सरकारने बाधित जिल्ह्यांतल्या मच्छीमार कुटुंबांना तातडीचे १००० रुपये आणि ६ किलो तांदूळ जाहीर केले. रक्कम तुटपुंजी आहे, पण समुद्र बिघडला की रोजी बुडते हे तरी त्यात मान्य केलेलं आहे.

शेवटचा मुद्दा सांगण्याच्या रीतीचा. अधिकाऱ्यांना दोनच वाक्यं येतात: ‘घाबरू नका’ आणि ‘वापरू नका’. दोन्ही आदेश आहेत, माहिती नव्हे. १९९५ साली ब्रिटनमध्ये जाहीर झालं की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तात गुठळी होण्याची शक्यता दुप्पट होते. बायकांनी भीतीने गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये गर्भपात सुमारे १३,००० ने वाढले. ‘दुप्पट’ म्हणजे किती, हे कुणी सांगितलं नव्हतं. सात हजारांत एकीऐवजी दोघी, एवढी ती वाढ होती. खुद्द गरोदरपणात गुठळीची शक्यता त्याहून जास्त असते. मात्र आकडा लपवणं हाही उपाय नाही. १९८६ साली हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने इतर गटांसह नेट-एन या इंजेक्शनच्या चाचण्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, ती बायकांना काय टोचलं जातंय हे न सांगता टोचत होते म्हणूनच. म्हणजे जोखमीचं शास्त्र आपल्या चळवळीला नवं नाही. ‘कुणावर, किती, कुणाला विचारून’ हे प्रश्न आपण चाळीस वर्षं विचारत आहोत. तेच प्रश्न आता खाडीकाठी न्यायचे आहेत.

भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन घातक प्रक्रियांची माहिती कामगारांबरोबर परिसरातल्या लोकांनाही देणं बंधनकारक झालं. २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. त्याच वर्षीच्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यात प्राधिकरण उभं करायला लावलं. ही साधनं हातात घेऊन किनाऱ्यावरच्या महिला मंडळांनी आणि बचत गटांनी चार मागण्या लावून धराव्यात असं मला वाटतं. पहिली, तेलगळती वा रसायनगळती झाली की मासळीची तपासणी खाडीनिहाय आणि जातीनिहाय व्हावी, आणि निकाल मराठीत बाजारात आणि धक्क्यावर लागावा. दुसरी, कोण काय खातं, कोण चिखलात उतरतं याची पाहणी बायकांना विचारून आधीच करून ठेवावी, संकट आल्यावर नव्हे. तिसरी, पंचनाम्यात मासळी विकणारी, सुकवणारी आणि वेचणारी यांचा स्वतंत्र रकाना असावा, तिच्या स्वतःच्या नावाने. चौथी, विक्री थांबवण्याची सूचना निघेल त्याच दिवशी रोजीच्या भरपाईचा आदेशही निघावा, आणि तो पैसा पुढे जहाज कंपनीकडून वसूल व्हावा.

यातली पहिली पाहणी करायला सरकारची वाट पाहायचीही गरज नाही. एक वही, गावातल्या दहा जणी आणि आठवडाभराचा वेळ पुरे. कोणत्या घरात कुठलं मावरं, किती वेळा, कुठून आणलेलं, घरात गरोदर कोण, पिणारं मूल कुणाचं, एवढं लिहून काढा. पुढच्या वेळी किनाऱ्याला तवंग लागेल तेव्हा तहसीलदारासमोर ही वही ठेवायची आणि सांगायचं, ‘साहेब, जोखीम आम्ही मोजून आणली आहे, आता व्यवस्थापन तुम्ही करा.’