वेबसाइटचा भाव आणि गावाचे नाव

चाटी गल्लीत चालते दुकान घेताना आपण गल्ला व वहीखाते पाहतो. मग वेबसाइटचा भाव गूगलवरील क्रमांकावरून का ठरवावा? गूगलने नियम बदलला की क्रमांक घसरतो. आमचे मत असे की, विकणाऱ्याकडे सर्च कन्सोलचा १६ महिन्यांचा तपशील मागावा व त्याची दोन खाती पाडावीत. दुकानाचे नाव शोधत आलेले गिऱ्हाईक ही दुकानाची साख. तिचे पैसे अवश्य द्यावेत. मात्र 'सोलापुरी चादर' शोधत आलेले गिऱ्हाईक ही गावातील विणकरांची कमाई. १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्यानुसार त्या नावाचा हक्क कोणाला विकताही येत नाही. जे विकणाऱ्याच्या मालकीचेच नाही, त्याची पगडी व्यापारी बंधूंनी का मोजावी?