पाठचिकित्सा

मराठीच्या वर्गात 'पाठचिकित्सा' हा शब्द उच्चारला की हस्तलिखिते आठवतात, पोथ्यांच्या प्रती आठवतात, आणि शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करणारे एकनाथ आठवतात. आम्हालाही तेच आठवते. एका अक्षराच्या फरकावर तासभर बोलण्याची ही शिस्त आम्हाला प्रिय आहे. परंतु मराठीत पाठ दोन आहेत. एक तो पाठ, जो ग्रंथात असतो. आणि दुसरी ती पाठ, जिच्यावरून ग्रंथाचे गठ्ठे, धान्याची पोती आणि सिमेंटच्या गोणी वाहिल्या जातात. पहिल्या पाठाची चिकित्सा करणाऱ्या आमच्या समीक्षेने दुसऱ्या पाठीची चिकित्सा कधी केली नाही, एवढेच नव्हे तर तिच्या दुखण्याचे सुंदर प्रतीक करून ठेवले, असा आमचा आक्षेप आहे.

हा आक्षेप कोणाला अप्रस्तुत वाटेल. म्हणून सुरुवात भाषेपासूनच करू. काम करताना शरीराला होणाऱ्या इजेसाठी मराठीजवळ शब्दांची श्रीमंती आहे. पाठीत उसण भरते, कंबर लचकते, मान अवघडते, खांदा धरतो, पाय मुरगळतो, मनगटात कळ येते. वैद्यकाच्या दृष्टीने यांत फरक आहेत. स्नायू किंवा त्याला हाडाशी जोडणारी कंडरा ताणली गेली तर ती एक इजा. सांध्याला बांधून ठेवणारा अस्थिबंध ताणला वा फाटला तर ती दुसरी. पण व्याकरणाच्या दृष्टीने ही सारी वाक्ये एकाच जातीची आहेत. प्रत्येक वाक्यात कर्ता शरीराचा अवयव आहे किंवा ती कळ, ती उसण आहे. कंबर 'लचकली', जणू तिला तशी हुक्कीच आली! पोते या वाक्यात नाही, पोत्याचे वजन नाही, ते कोणी भरले ते नाही, दिवसाकाठी किती पोती उचलावी लागली तेही नाही. इजा होते, मात्र ती करणारा कोणी नसतो. रूपकाच्या पोटात दडलेली सत्ता शोधून काढणाऱ्या आमच्या समीक्षकांना हे अकर्तृक वाक्य कधी खटकले नाही, याचे आम्हाला आश्चर्य वाटते.

या वाक्यात कर्ता परत आणून बसवणारे एक शास्त्र आहे. त्याला आपण अर्गोनॉमिक्स म्हणतो, आणि तो शब्द कानावर पडताच आपल्या डोळ्यांसमोर वातानुकूलित कचेरीतली महागडी खुर्ची येते. हा गैरसमज आहे. ग्रीक भाषेतील 'काम' आणि 'नियम' या अर्थांच्या दोन शब्दांपासून १८५७ साली एका पोलिश निसर्गशास्त्रज्ञाने, यास्त्शेंबोव्स्कीने, हा शब्द घडवला. त्यामागचा विचार त्याहून जुना आहे. बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कारागिरांच्या आणि मजुरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, आणि १७१३ च्या आवृत्तीत त्याला जोड दिली. त्या जोडीत एक प्रकरण लेखनिकांवर आहे. सतत बसून राहणे, हाताची एकाच दिशेने अखंड हालचाल आणि मनावरचा ताण, अशी लेखनिकांच्या व्याधीची तीन कारणे त्याने सांगितली. म्हणजे ज्यांच्या बोटांतून आपला 'पाठ' पिढ्यान्पिढ्या उतरला, त्या लेखनिकांच्या शरीराची दखल एका वैद्याने तीनशे वर्षांपूर्वी घेतली होती. पाठभेदाची कारणे सांगताना आपण लेखनिकाचे अज्ञान सांगतो, अनवधान सांगतो. त्याचे मनगट दुखत असेल, हे मात्र आपल्याला सुचत नाही.

या शास्त्राचे मुख्य तत्त्व एका वाक्यात सांगता येते : माणूस कामाजोगा करू नका, काम माणसाजोगे करा. त्यातले गणित अवघड नाही. कण्याच्या मागचे स्नायू मणक्यांतील चकतीच्या मध्यापासून सुमारे पाच सेंटीमीटरवर असतात. ओझे त्याच मध्यापासून पन्नास सेंटीमीटर पुढे धरले, तर ते पेलण्यासाठी त्या स्नायूंना ओझ्याच्या दहापट जोर लावावा लागतो. म्हणून ओझे शरीरापासून किती दूर आहे, किती खालून उचलायचे आहे, उचलताना कंबरेत वळावे लागते का, मिनिटाला किती वेळा उचलायचे आहे आणि पकड मिळते की नाही, हे प्रश्न वजनाइतकेच महत्त्वाचे ठरतात. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर ऑक्युपेशनल सेफ्टी अँड हेल्थ या संस्थेने १९९१ साली सुधारलेल्या सूत्रात हे सारे गुणक आहेत. सर्व परिस्थिती आदर्श असेल तर त्या सूत्राची मर्यादा २३ किलो आहे. तेच ओझे जमिनीवरून उचलायचे झाले की ती सुमारे १८ किलोवर येते, आणि शिवाय ४५ अंशांत वळावे लागले की सुमारे १५ किलोवर. हे सूत्र दोन हातांनी उचलण्यापुरते आहे, डोक्यावरून किंवा पाठीवरून वाहण्याला ते लागू नाही, हे आम्ही विसरलेलो नाही. पण वाहण्याआधी कोणीतरी उचलावे लागतेच. आपल्याकडची सिमेंटची गोणी ५० किलोची असते.

आता आपल्या साहित्याकडे वळू. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. त्याच वर्षी, मुंबईत पडेल ते अंगमेहनतीचे काम केलेले अण्णाभाऊ साठे वारले. 'माथाडी' हा शब्दच माथ्यावरून आलेला आहे. माणसाची ओळख त्याच्या ओझ्याच्या जागेवरून ठरते, याचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागेल. बाजार समित्यांतील माथाडी पन्नास किलोहून जड गोणी नको असे सांगत आले आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली ओझ्याच्या कमाल वजनाविषयी करार केला, त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सांगितली, आणि भारताने तो करार २०१० साली मान्य केला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३४ व्या कलमानेही इजा होण्याचा संभव असेल इतके जड ओझे कोणाकडून उचलून घेऊ नये असे म्हटले होते. म्हणजे पाठीचा प्रश्न कामगारांनी मांडला, कायद्याने निदान कागदावर मांडला. आणि आमच्या प्रश्नपत्रिकेने? 'श्रमिक जीवनाचे चित्रण सोदाहरण स्पष्ट करा.' विद्यार्थी लिहितो : घामाचे सौंदर्य, कष्टाची महती, वाकलेल्या पाठीतून व्यक्त होणारी जगण्याची जिद्द. त्याला गुण मिळतात. पोत्याच्या वजनाविषयी लिहिले असते तर 'विषयांतर' असा शेरा मिळाला असता.

यावर तीन उत्तरे हमखास येतात. पहिले असे की सवयीने अंग कामाला घडते. जुनी माणसे क्विंटलची पोती लीलया उचलीत. उचलीत असतील. पण ज्यांची कंबर तिसऱ्या वर्षी मोडली ती माणसे गावी परत गेली, आणि आख्यायिका उरलेल्यांच्या झाल्या. टिकलेल्या माणसावरून कामाची योग्यता ठरवणे, हे टिकलेल्या हस्तलिखितावरून हरवलेली हस्तलिखिते नव्हतीच असे म्हणण्यासारखे आहे. पाठचिकित्सकाने तरी ही चूक करू नये.

दुसरे उत्तर अधिक सुसंस्कृत आहे : कामगारांना नीट उचलायला शिकवा. पाठ ताठ, गुडघ्यांत वाका, अशी चित्रे भिंतींवर लागतात. या उपदेशाचा परिणाम किती होतो, याचा आढावा कॉक्रेनसारख्या काटेकोर पद्धतीने २०११ साली घेतला गेला, आणि निव्वळ सल्ला व प्रशिक्षण यांनी पाठदुखी टळते असा पुरावा मिळाला नाही. आम्हाला यात नवल वाटत नाही. गोणी पन्नास किलोचीच असेल, रचण्याची जागा डोक्याच्या वर असेल आणि मोबदला नगावर असेल, तर गुडघ्यांत वाकण्याचे सुभाषित ट्रक भरेपर्यंत टिकत नाही. शिवाय असा उपदेश पुन्हा तेच अकर्तृक वाक्य लिहितो. आता त्यात एवढीच भर पडते की कंबर लचकली, कारण तो चुकीचा वाकला.

तिसरे उत्तर आमच्या बिरादरीचे : साहित्याचा याच्याशी काय संबंध? याला आम्ही एक प्रसंग सांगून उत्तर देतो. आमच्यापैकी एक जण ज्या महाविद्यालयात शिकवतो, तेथे उत्तरपत्रिकांची तपासणी तिसऱ्या मजल्यावर होत असे. गठ्ठे तळमजल्यावर येत आणि कंत्राटी शिपाई ते दोन-दोन करून जिन्याने वर नेत. एका वर्षी त्यांच्यातल्या एका काकांची कंबर धरली ती सुटलीच नाही. तीन आठवडे ते घरी राहिले, आणि त्या दिवसांचा पगार त्यांना मिळाला नाही. मराठी विभागाने वर्गणी काढली, शाल-श्रीफळ दिले, कंबरेचा पट्टा दिला आणि श्रमप्रतिष्ठेवर एक भाषणही झाले. भाषण चांगले होते, आम्हीच केले होते. त्या समारंभात कोणीही, आम्हीसुद्धा, असे म्हटले नाही की तपासणी तळमजल्यावर आणा, गठ्ठे लहान बांधा, एक ढकलगाडी घ्या. पुढच्या वर्षी गठ्ठे तिसऱ्या मजल्यावरच गेले. ते वाहणारे काका मात्र दुसरे होते.

'पाठीवर मारावे, पण पोटावर मारू नये' अशी आपल्याकडे म्हण आहे. आम्ही ती वर्षानुवर्षे शहाणपणाची म्हणून शिकवली. ही म्हण ज्याची पाठ हे पोट भरण्याचे साधन नाही, त्याची आहे. काकांच्या बाबतीत पाठीवरचा मार हाच पोटावरचा मार होता. दोहोंत निवड करण्याची सोय त्यांना नव्हती.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. श्रमाविषयीची कविता, कथा वा आत्मकथन शिकवताना पाच प्रश्न विचारावेत : ओझे किती होते, कुठून कुठवर उचलायचे होते, दिवसातून किती वेळा, कामाचा वेग कोण ठरवत होते, आणि थांबण्याचा अधिकार कोणाला होता. त्याने रसभंग होणार नाही. झालाच, तर तो रस कशावर पोसला होता हे तपासून घ्यावे. चांगला लेखक या प्रश्नांची उत्तरे बहुधा देऊनच ठेवतो. ती वाचण्याची सवय आपल्याला नाही. आणि वर्ग सुटल्यावर, याच परीक्षेचे गठ्ठे कोणत्या मजल्यावर जाणार आहेत आणि ते कोण नेणार आहे, याची चौकशी कार्यालयात करावी. आमच्या विभागाने यंदा ढकलगाडीसाठी आणि तळमजल्यावरील खोलीसाठी लेखी अर्ज दिला आहे. कंबर कोणी लचकवली, हे त्यात कर्त्यासह लिहिले आहे, आणि त्या कर्त्यांमध्ये आम्ही स्वतःलाही धरले आहे.