'झेपत नाही' कुणाला?



हा अंक मुलींच्या विज्ञानशिक्षणावर काढायचा असं ठरलं, तेव्हा संपादक गटातल्याच एकीनं विचारलं, "हा आपला विषय आहे का?" तिचा प्रश्न काही चुकीचा नव्हता. मारहाणीच्या केसेस पडून आहेत, वनहक्काचे दावे अडकलेत, रेशनचा घोळ संपत नाही. आणि आपण दहावीच्या भौतिकशास्त्रावर बोलत बसायचं? त्या बैठकीत मला धड उत्तर देता आलं नाही. ते इथे देण्याचा प्रयत्न करते.

किन्हवलीला आम्ही मुलींचा अभ्यासवर्ग सुरू केला तो विज्ञानासाठी नव्हताच. मुलींनी दहावीच्या आत शाळा सोडू नये, एवढाच हेतू. आजूबाजूच्या पाड्यांवरच्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी मुली, गावातल्या कुणबी आणि बौद्ध मुली, अशा सगळ्या एका सतरंजीवर. पहिल्या दोन वर्षांतच ध्यानात आलं की मुलगी अडते ती ठरलेल्या दोन-तीन ठिकाणी: गणित, इंग्रजी आणि विज्ञान. आणि दहावीला राहिलेल्या मुलीचं लग्न पुढच्या लगीनसराईच्या आत ठरतं, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता निकालाच्या दिवशी माझ्या पोटात गोळा येतो. मुलगा राहिला तर "बसेल पुन्हा ऑक्टोबरला" असं म्हणायची आपली जुनी सवय आहे. परीक्षेचा महिना बदलला तरी सवय तीच. मुलगी राहिली की "तिला झेपत नाही, कशाला तिचा जीव घ्यायचा" असं म्हणतात, आणि तेही मायेनं म्हणतात. म्हणून माझ्यापुरतं उत्तर असं: बालविवाहाविरुद्ध पथनाट्य करणाऱ्या बाईनं विज्ञानाचा पेपर वाचायला शिकलं पाहिजे.

मी शिकले समाजकार्य. विज्ञानाचा नि माझा संबंध बारावीनंतर तुटला होता. त्यामुळे मुलींबरोबर पुस्तक उघडलं तेव्हा मीही चाचपडतच होते. त्याचा एक फायदा झाला. त्या कुठे ठेचकाळतात ते मला दिसलं, कारण मीही तिथेच ठेचकाळत होते. दाबाचा धडा चालला होता. 'दाब हा क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात असतो.' एकीला म्हटलं, म्हणजे काय गं? ती म्हणाली, "ताई, क्षेत्रफळ कामात असतं." मुली हसल्या, पण मग कळलं की हसणाऱ्यांपैकी निम्म्यांनाही व्यस्त म्हणजे कामात गुंतलेला एवढंच ठाऊक होतं. तिचं विज्ञान चुकलेलं नव्हतं. तिला मराठी कळली नव्हती, आणि तीही घरी न बोलली जाणारी मराठी.

त्याच मुलीला विचारलं, डोक्यावर हंडा घेताना चुंबळ का ठेवतेस? ती म्हणाली, नाहीतर हंड्याची कड टोचते, भार एका जागी येतो. मग चुंबळीनं हंडा हलका होतो का? नाही, तेवढाच राहतो, पण पसरतो. झालं की! बल तेवढंच, क्षेत्रफळ वाढलं, दाब कमी झाला. तानसा, मोडकसागर, भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं आमच्या शहापूर तालुक्यात, आणि याच तालुक्यातल्या मुली उन्हाळ्यात टँकरची वाट बघत हंडे घेऊन उभ्या. दाबाचा धडा त्या रोज डोक्यावर वाहतात. पुस्तकात मात्र उदाहरण वेगळंच.

हे काही मी शोधलेलं नाही. १९७४ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केलं. प्रा. व्ही. जी. कुलकर्णी यांच्या पुढाकारानं १९७५ पासून जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या शाळांमध्ये शिक्षकांबरोबर काम झालं. पुढे १९८० च्या दशकात कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांनी मुंबई महापालिकेच्या शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलामुलींना आठवीपासून हाताशी धरलं. तिथे ठळकपणे पुढे आलं ते हेच, की या मुलांची अडचण बुद्धीची नाही; पाठ्यपुस्तकाची भाषा हाच मोठा अडथळा आहे, आणि तो दूर केला की मुलं पुढे जातात. या कामाला चाळीस वर्षं होऊन गेली. तरी अजून आमच्या शाळांमधून 'झेपत नाही' हे निदान बिनदिक्कत होतं, आणि ते कुणाचं होतं हे जातीचा दाखला पाहून सांगता येतं.

आता एक गोष्ट सांगते, ती माझीच आहे आणि मला फारशी शोभणारी नाही. अप्रकट उष्म्याचा धडा कुणाला कळत नव्हता. वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, हे मी तीन वेळा वाचून दाखवलं. मागे बसलेली एक ठाकूर मुलगी कधीच बोलायची नाही. त्या दिवशी वर्ग सुटल्यावर रेंगाळली आणि खाली बघत म्हणाली, "ताई, म्हणूनच वरचं पाणी सारखं बदलायला लागतं ना?" कुठलं वरचं पाणी? मग हळूहळू बाहेर आलं. मोहाची भट्टी. खालच्या मडक्यात आंबलेली फुलं उकळतात, वर गार पाण्याचं भांडं. वाफ त्या गार बुडाला लागून थेंब होते, पण ते पाणी बघता बघता तापतं. तापलं की धार थांबते. मग ते ओतायचं, गार भरायचं. किती वेळानं, किती हंडे, सगळं तिला तोंडपाठ. पाणी नुसत्या चुलीच्या धगीनं तापत नाही, वाफच आपली उष्णता त्याला देऊन थेंब होते, हे तिनं लहानपणापासून हातानं अनुभवलं होतं. ऊर्ध्वपातन, संघनन, अप्रकट उष्मा, तीन धडे तिच्या अंगणात होते.

मग इतके दिवस बोलली का नाहीस? ती गप्प. उत्तर मला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी आम्ही बायकांनी दारूबंदीचा मोर्चा काढला, भट्ट्या फोडल्या. त्यात तिच्या आईचं मडकंही होतं. पुढे मीच होते.

दारूबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. नवऱ्याच्या हातचा मार खाल्लेल्या ज्या बाया तेव्हा माझ्याबरोबर होत्या, त्यांच्याशी मी आजही बांधील आहे. पण आपल्या चांगुलपणानं आपण कुणाकुणाचं तोंड बंद करून ठेवतो, याचा हिशेब आपल्या अहवालात कधी येत नाही. शाळेतले गुरुजी घरचा धंदा काढला की "गप्प बस" म्हणतात, म्हणून मी त्यांना नावं ठेवत होते. माझ्यापुढे तर तिला गप्प बस म्हणावंही लागलं नव्हतं.

कातकरी मुलींचं वेगळंच. दिवाळी झाली की घरदार भिवंडी-कल्याणकडे वीटभट्टीवर जातं ते पावसाच्या तोंडाशी परततं. त्यांच्या लेखी पुस्तक अर्ध्यावरच संपतं. भट्टीवरून आलेल्या एकीला चिखल आणि भाजलेली वीट यातला फरक मी समजावू लागले तर तिनंच मला भट्टीत वीट कच्ची कुठे राहते आणि का, ते सांगितलं. त्यापुढे 'रासायनिक बदल' हे दोन शब्द तेवढे द्यायचे राहिले होते. ते द्यायला दहा मिनिटं लागली. पण ती वर्गात हजरच नसेल तर कुणी द्यायचे? हंगामी वसतिगृहांची मागणी आपण करतो ती जेवणा-राहण्यासाठी. तिथे प्रयोगाचं साहित्य आणि शिकवणारं माणूस हवं, हे मागणीपत्रात लिहायला आपण विसरतो. मीही विसरले होते.

वर्गात एक मुलगी आहे, तिला फारच कमी दिसतं. फळ्यावरचं नाहीच, पुस्तकही डोळ्याशी नेऊन. तिला सल्ला मिळाला की विज्ञान सोड. तसा पर्याय आहे. दहावीला पात्र दिव्यांग विद्यार्थ्यांना विज्ञानाऐवजी शरीरशास्त्र, आरोग्यशास्त्र व गृहशास्त्र घेता येतं, गणिताऐवजी अंकगणित. पर्याय असू नये असं मी म्हणत नाही, काहींना त्याचा आधार आहे. पण पर्याय आणि ढकलणं यात फरक आहे. विषयांची ही नावं वाचून काही आठवलं का? जुन्या अकरावीच्या मॅट्रिकच्या काळात, आपल्या थोरल्या मावश्यांच्या पिढीत, मुलींना हेच सांगितलं जायचं: तुम्हाला काय करायचंय भौतिकशास्त्र, आरोग्यशास्त्र घ्या, गृहशास्त्र घ्या. १९६२ मध्ये हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली ती नेमकी यासाठी, आणि तिनं सांगितलं की मुलगा-मुलगी म्हणून अभ्यासक्रम वेगळे करू नका. पाठोपाठ कोठारी आयोगानं (१९६४-६६) पहिल्या दहा वर्षांत गणित-विज्ञान सर्वांनाच हवं म्हटलं. म्हणजे आपल्याला मिळालेला हा हक्क आहे, आणि तो आता दुसऱ्या कुणाकडून सहानुभूतीनं काढून घेतला जात असेल तर ते आपल्याला आधी कळायला हवं. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा समावेशक शिक्षणाबद्दल बोलतो. प्रयोगशाळेच्या दारावर मात्र तो कुणी वाचलेला दिसत नाही.

आम्ही तिच्यासोबत भाताच्या बियाण्याचा प्रयोग केला. शेतीखातं सांगतं तोच: दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ, त्यात बियाणं सोडायचं, पोचट दाणे वर येतात, भरलेले तळाशी बसतात. बाकीच्या मुली बघत राहिल्या. हिनं तळवा पाण्यावरून फिरवून तरंगते दाणे काढले, मग खालचे मुठीत घेऊन म्हणाली, "हे जड आहेत." साध्या पाण्यात आणि मिठाच्या पाण्यात किती दाणे वर आले ते तिनं बोटांनी मोजलं. घनता कळायला डोळेच लागतात असं कुणी ठरवलं? तिनं विज्ञान सोडलं नाही. लेखनिक मिळवण्यासाठी माझ्या तीन चकरा झाल्या. एका कार्यालयात "सोपा विषय सोडून अवघड कशाला घेतला" हे ऐकून घ्यावं लागलं. तिला ५२ मिळाले.

आणखी एक धडा आहे, त्याबद्दल आपण नाही तर कोण बोलणार? दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मानवी प्रजननाचा भाग येतो, मासिक पाळीही येते. वर्गातल्या मुलींना विचारलं, शिकवला का? "घरी वाचा म्हणाले." २०२५ च्या जुलैत शहापुरातल्या एका खाजगी शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींचे कपडे उतरवून कुणाला पाळी आली आहे याची तपासणी केल्याची तक्रार झाली. पोक्सोखाली गुन्हा दाखल झाला, मुख्याध्यापिकेला अटक झाली. आपण निषेध केला, निवेदनं दिली, ते योग्यच होतं. पण त्या आठवड्यात आमच्या वर्गातली एक म्हणाली, "धड्यात तर त्याचं चित्र आहे ताई, मग लाज कसली वाटली त्यांना?" जो धडा घरी वाचा म्हणून सोडून दिला जातो, त्याचं असं होतं. शिकवणारीच शिकलेली नसते.

कमला सोहोनींची गोष्ट मुलींना फार आवडते. १९३३ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, त्या हटल्या नाहीत, अटी घालून आत घेतलं गेलं. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेऊन आल्या. मला त्यांचं नंतरचं काम जास्त जवळचं वाटतं: आदिवासी मुलांच्या आणि गरोदर बायांच्या पोषणासाठी नीरेचा अभ्यास. पण ही गोष्ट सांगताना मी जरा सावध असते. कमलाबाईंचे वडील आणि काका रसायनशास्त्र शिकलेले होते. त्यांच्या जिद्दीचं उदाहरण देऊन पाड्यावरच्या मुलीला 'तूही जिद्द धर' म्हणणं सोपं आहे. तिच्याकडे जिद्द आहे, विजेचा भरवसा नाही आणि शाळेच्या प्रयोगशाळेला कुलूप आहे.

२०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यात एक तरतूद सुचवली गेली: दहावीला गणित-विज्ञानात ३५ पेक्षा कमी पण २० च्या वर गुण असतील तरी अकरावीला जाता येईल, फक्त गुणपत्रिकेवर शेरा येईल की पुढे हे विषय घेता येणार नाहीत. आपल्यातल्या काहीजणींना ही सवलत वाटली. नापासचा शिक्का जाईल, लग्न लांबेल, हे खरंही आहे, आणि मी त्याला सरसकट विरोध करणार नाही. पण शेरा कुणाच्या गुणपत्रिकेवर येईल? वीटभट्टीवरून आलेलीच्या, 'व्यस्त' म्हणजे कामात समजणारीच्या. नर्सिंग, शेतकी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सगळी दारं पंधराव्या वर्षी बंद, तीही पास म्हणून अभिनंदन करून. दुसरी संधी, उन्हाळी वर्ग, साध्या मराठीतली पुस्तकं हे आधी द्या, मग शेऱ्याचं बोला, अशी भूमिका गटांनी घ्यावी असं मला वाटतं. यावर मतभेद असतील तर पुढच्या अंकासाठी जरूर लिहा.

मोहाच्या भट्टीवाल्या मुलीला विज्ञानात २४ मिळाले. अप्रकट उष्म्याचा प्रश्न तिनं पूर्ण सोडवला होता म्हणते, पण प्रकाश आणि विद्युतधारा राहूनच गेली होती. मुरबाडकडचं एक स्थळ आलं आहे. तिची आई गेल्या आठवड्यात माझ्याकडे आली. मला वाटलं लग्नाचं सांगायला आली असेल. ओट्यावर टेकून म्हणाली, "माझं मडकं तू फोडलंस. आता पोरीला पास कर."

पुरवणी परीक्षा तोंडावर आहे. वर्ग मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी असतो, सध्या रविवारीही घेतो. तुमच्यापैकी किंवा तुमच्या ओळखीत कुणी भौतिकशास्त्र शिकवणारी असेल आणि चार रविवार देऊ शकत असेल, तर लगेच कळवा. आसनगाव स्टेशनवर घ्यायला आम्ही येऊ, मुक्कामाची सोय माझ्या घरी होईल.