इंजिन आत की बाहेर?

हौशी नौकाविहाराच्या जगात गेली साठ-पासष्ट वर्षे एक वाद चालू आहे. बोटीचे इंजिन मागच्या फळीला बाहेरून टांगावे, की आत बसवून त्याची शक्ती फळीतून पलीकडच्या पंख्याला पोचवावी? पहिल्या प्रकाराला आउटबोर्ड म्हणतात, दुसऱ्याला स्टर्नड्राइव्ह. हा वाद बहुधा कारागिरांच्या भाषेत चालतो. वस्तुतः त्यात यंत्रशास्त्राइतकेच अर्थशास्त्र आहे. शिवाय सरकारने घातलेल्या बंधनांखाली उद्योग मरतो की सुधारतो, या जुन्या प्रश्नावरही त्यातून काही प्रकाश पडतो.

स्टर्नड्राइव्हचा जन्म १९५९ सालचा. स्वीडनच्या व्होल्वो पेंटा कंपनीने त्या वर्षी न्यूयॉर्कच्या नौका-प्रदर्शनात ८० अश्वशक्तीचे ‘अ‍ॅक्वामॅटिक’ मांडले. त्यामागची कल्पना जिम विन या अमेरिकन अभियंत्याची होती. १९६१ मध्ये अमेरिकेच्या मर्क्युरीने ‘मर्क्रूझर’ आणले. आउटबोर्डची पाळेमुळे याहून कितीतरी जुनी. ओले एव्हिनरूड याने आपले इंजिन १९०९ मध्ये विकावयास काढले होते. परंतु या प्रकाराला १०० अश्वशक्तीचा टप्पा गाठायला १९६२ साल उजाडावे लागले. स्टर्नड्राइव्हला एवढा प्रवास करण्याचे कारणच नव्हते. त्याचे इंजिन म्हणजे मोटारगाडीचे इंजिन, थोडा फेरफार करून पाण्यात उतरवलेले. डेट्रॉइटमध्ये लाखांनी निघणारे व्ही-८ इंजिन बोटवाल्याला जवळपास मोटारीच्या भावात मिळे. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाचा लाभ दुसऱ्या उद्योगाने मिळवायचा आणि आपण तो उसना घ्यायचा, असा हा व्यवहार होता. तीन-चार दशके तो उत्तम चालला.

या स्वस्ताईची दुसरी बाजू खरेदीच्या पावतीवर दिसत नाही. ज्या भोकातून शक्ती बाहेर जाते, तेथे पाणी आत येऊ नये म्हणून भात्यासारखी रबरी घडी असते. ती काही वर्षांनी बदलावीच लागते. ती फाटली आणि कोणाच्या ध्यानात आले नाही, तर धक्क्याला बांधलेली बोट रात्रीतून बुडते. खाऱ्या पाण्यात बाहेरचा गिअरचा भाग वर उचलला तरी पुरता पाण्याबाहेर येत नाही, त्यामुळे गंज लागतो. थंड प्रदेशात हिवाळ्यापूर्वी इंजिनातले पाणी न काढल्यास ते गोठून ओतीव भाग तडकतो. बंद कप्प्यात पेट्रोलची वाफ साचते म्हणून इंजिन चालू करण्यापूर्वी पंख्याने ती बाहेर काढावी लागते. हा नियम विसरणे जिवावर बेतू शकते. आउटबोर्ड मात्र पूर्ण वर उचलता येते, उभे ठेवले की त्यातले पाणी आपोआप निथळते आणि थोडे बोल्ट सोडवले की ते बोटीपासून वेगळे होते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटेल. इंजिन आणि बोट या येथे दोन स्वतंत्र मालमत्ता आहेत. एक जुनी झाली म्हणून दुसरी मोडीत काढावी लागत नाही.

मग अमेरिकन ग्राहकाने हे गणित पूर्वीच का केले नाही? कारण जुने आउटबोर्ड टू-स्ट्रोक होते, आणि त्यात घातलेल्या इंधनाचा चौथा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग न जळताच, तेलासह, पाण्यात जाई. गोंगाट आणि धूर वेगळाच. १९९६ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने यावर बोट ठेवले. नव्या आउटबोर्डमधून बाहेर पडणारे हायड्रोकार्बन १९९८ ते २००६ या काळात टप्प्याटप्प्याने ७५ टक्क्यांनी कमी करण्याचे बंधन तिने घातले. स्टर्नड्राइव्ह त्या वेळी सुटले. मोटारीचे फोर-स्ट्रोक इंजिन मुळातच पुष्कळ स्वच्छ होते.

येथे इतिहासाने गमतीचे वळण घेतले. ज्याला सवलत मिळाली तो निवांत राहिला. ज्याच्या पाठीवर आसूड बसला त्याला नवे इंजिन रचणे भाग पडले. आउटबोर्डवाले फोर-स्ट्रोककडे आणि थेट इंधन-फवारणीकडे वळले. २००४ मध्ये मर्क्युरीचे ‘वेराडो’ आले, २००७ मध्ये यामाहाचे ३५० अश्वशक्तीचे व्ही-८ आले आणि २०२१ मध्ये मर्क्युरीने ६०० अश्वशक्तीचा पल्ला गाठला. स्टर्नड्राइव्हला उत्प्रेरक बसवण्याची सक्ती झाली ती २०१० पासून, म्हणजे मंदीने नौकाउद्योगाचे कंबरडे मोडले असताना. त्यातच उसन्या इंजिनाचा आधारही डळमळला. जनरल मोटर्सने २००९ मध्ये दिवाळखोरीचा आश्रय घेतला, आणि मर्क्युरीने २०१४ पासून स्टर्नड्राइव्हसाठी स्वतःचे इंजिन बनवावयास घेतले.

कडक नियम उद्योगाला शहाणे करतात, असे मायकेल पोर्टर यांनी १९९१ मध्ये मांडले होते. हे उदाहरण त्यांच्या बाजूचे आहे खरे. पण ते ताणू नये. फोर-स्ट्रोक आउटबोर्डचे तंत्र होंडापाशी नियमांच्या आधीच होते. शिवाय या शर्यतीत सगळेच तरले नाहीत. एव्हिनरूडची मालक असलेली आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन २००० च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली, आणि २०२० मध्ये एव्हिनरूड हे नावच उत्पादनातून बाद झाले. खुद्द व्होल्वो पेंटाने २०१७ मध्ये आउटबोर्ड बनवणारी कंपनी ताब्यात घेतली आणि २०२० मध्ये ती गुंडाळली. स्टर्नड्राइव्हही नामशेष झालेले नाही. मागे पोहण्यासाठी मोकळी फळी हवी असलेल्या कुटुंबाला किंवा दिवसभर डिझेलवर चालवायच्या मोठ्या बोटीला ते आजही सोयीचे आहे. (मर्क्युरी दोन्ही प्रकार विकते. तेव्हा विक्रेत्याचा सल्ला घेताना त्याच्या गोदामात कोणता माल पडून आहे, याचाही विचार केलेला बरा!)

कोकण किनाऱ्यावर हा प्रश्न निराळ्या रूपात उभा राहतो. मालवण-तारकर्लीकडे पर्यटकांना नेणाऱ्या छोट्या बोटीला आउटबोर्डच परवडते. पाणी खारे, पावसाळ्यात धंदा बंद, बोट वाळूवर ओढून इंजिन घरी नेता आले पाहिजे. त्यामुळे आत की बाहेर, हा निकाल तेथे निसर्गानेच दिलेला आहे. प्रश्न आहे तो कोणते आउटबोर्ड, हा. जी कार्ब्युरेटरची टू-स्ट्रोक इंजिने अमेरिकेत नव्याने विकता येत नाहीत, ती आशिया-आफ्रिकेच्या बाजारांत अजून मिळतात. हलकी, स्वस्त, गावातल्या कारागिरालाही दुरुस्त करता येणारी. रस्त्यावरच्या वाहनांना २०२० पासून लागू झालेले भारत स्टेज-६ चे निकष बोटीच्या इंजिनाला लागू नाहीत. आणि मालवणच्या ज्या पाण्यात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, त्यातलेच प्रवाळ पाहावयास पर्यटक येतात. न जळालेले तेल त्याच पाण्यात सोडणे म्हणजे व्याजासाठी मुद्दल खाणे होय.

कॅलिफोर्निया व नेवाडा यांच्या सीमेवरील टाहो सरोवरात अशा टू-स्ट्रोक इंजिनांवर १ जून १९९९ पासून बंदी आली, आणि तिची पूर्वसूचना दोन वर्षे आधी मिळाली होती. मालवणलाही अशी मुदत आधी जाहीर करता येईल. मात्र काही महिन्यांच्या हंगामावर वर्षभराचे घर चालवणाऱ्या बोटवाल्यावर फोर-स्ट्रोक इंजिनाची किंमत एकदम लादता येणार नाही. त्याला अल्प व्याजाचे कर्ज द्यावे लागेल, आणि जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ही इंजिने दुरुस्त करणारी मुले तयार करावी लागतील. कर्ज देताना एक अट मात्र हवीच: जुने इंजिन जमा करणाऱ्यालाच ते मिळावे. नाहीतर आउटबोर्ड सहज सुटते, हा त्याचा गुणच आड येईल, आणि मालवणात उतरवलेले इंजिन महिनाभरात शेजारच्या खाडीत दुसऱ्या बोटीवर चढलेले दिसेल.