वारसा रक्ताचा आणि ताटाचा

'खाण तशी माती' ही म्हण माणसाच्या गुणदोषांप्रमाणे त्याच्या प्रकृतीलाही लावण्याची आपल्याकडे रीत आहे. बाप कृश म्हणून मुलगा कृश, आईला मधुमेह म्हणून मुलीला मधुमेह! एकदा रक्ताला बोल लावला की पुढे विचार करण्याचे कष्ट उरत नाहीत. या समजुतीत खरे किती आणि खोटे किती, हे एका पालघर जिल्ह्याकडे पाहिले तरी ध्यानात येते.

त्यातील खरे आधी पाहावे. येथील आदिवासी समाजांत सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार आढळतो. त्यात तांबड्या पेशी गोल न राहता विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रोग्याला असह्य वेदना होतात. आई व वडील दोघेही वाहक असले, म्हणजे स्वतः धडधाकट असूनही त्या दोषाचे बीज बाळगणारे असले, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याचा संभव चारांत एक असतो. कितीही पौष्टिक आहार घेतला तरी हे बीज पुसले जात नाही. तेथे उपयोग रक्ततपासणीचा. केंद्र सरकारने २०२३ साली या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तीत तपासणी झालेल्यास एक कार्ड मिळते. विवाह ठरविताना जन्मपत्रिकेपेक्षा हे कार्ड पाहणे अधिक शहाणपणाचे होय.

परंतु जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागातील बालकांचे खुजेपणही रक्तातलेच, असे जेव्हा सांगण्यात येते, तेव्हा ती निव्वळ पळवाट असते. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे अनेक बालके दगावली, ती कुपोषणाने. उपासमार ही काही आनुवंशिक नव्हे. पुढे २०१५ साली राज्य शासनाने आदिवासी भागांतील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण, ताजे जेवण देणारी अमृत आहार योजना आरंभिली. दुखणे बालकाचे आणि जेवण मातेला, हा उपाय वरवर पाहता दूरचा वाटेल. पण तो अगदी मुळावरचा आहे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत माता व बालके यांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलोग्रॅम. आश्चर्य असे की, आपल्या या लहानखुऱ्या बालकांत स्नायू बरेच कमी असले, तरी त्वचेखालची चरबी त्या मानाने कमी नव्हती. असे शरीर पुढे मधुमेहाला लवकर बळी पडते. मग मुलीला मधुमेह झाला तो आईच्या रक्तामुळे, की ती पोटात असताना आईच्या ताटात जे नव्हते त्यामुळे? बहुधा दोहोंमुळे, आणि यांपैकी ताटाची गोष्ट तेवढी माणसाच्या हाती आहे.

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत कामाला आलेल्या कुटुंबांकडे पाहून म्हणूनच काळजी वाटते. शेतातील कष्ट सुटले, पाळीचे काम आले. नागलीची भाकरी आणि वरई मागे पडून पांढरा भात, चहा व बिस्किटे आली. शंभर ग्रॅम नागलीत कॅल्शियम सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. सडलेल्या तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपासच. तरीही नागली ही गरिबीची खूण मानून टाकून देण्यात येते, याला काय म्हणावे?

भेसळीची चिंता मात्र घरोघरी असते, आणि ती खोटी नव्हे. मिठाईतील निषिद्ध पिवळा रंग, कार्बाइडने पिकविलेली फळे, छापील कागदात बांधलेले तेलकट वडे यांपासून गृहिणीने सावध राहावेच. १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याच्या जागी २००६ चा अन्नसुरक्षा कायदाही आला आहे. परंतु खाडीतील मासा कोणत्या पाण्यात वाढला, हे तिने कसे पारखावे? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूरचे औद्योगिक क्षेत्र देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले होते. ही काळजी कारखान्यांनी आणि शासनाने वाहावयाची. ती तिच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

जे पारखता येते, ते येथील आदिवासी स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या पारखीत आल्या आहेत. पहिल्या पावसानंतर त्या रानातून शेवळी आणून बाजारात विकावयास बसतात. ही भाजी नुसती शिजविली तर घशाला खाज सुटते. म्हणून जुडीबरोबर त्या काकडांची आंबट फळेही देतात, आणि नवख्या गिऱ्हाइकाला ती भाजीत घालावयास बजावून सांगतात.