ज्याच्या खुनाची बातमीही होत नाही

अमेरिकन हार्डबॉइल्ड गुप्तहेरकथांचे आवडते लेखक कोण, असं विचारलं की आपल्याकडच्या जाणकार म्हणवणाऱ्यांची यादी तोंडपाठ असते. डॅशिएल हॅमेट, रेमंड चँडलर, रॉस मॅक्डोनाल्ड. तिघंही गोरे पुरुष. चौथं नाव नाही. मग हॅट, ओव्हरकोट, टेबलाच्या खणातली व्हिस्की, सोनेरी केसांची घातकी बाई आणि चुरचुरीत संवाद यांवर तासभर गप्पा. ही यादी मला मान्य नाही. नुसती अपुरी असती तर मी गप्प बसलो असतो. पण ती दिशाभूल करते. या साहित्याचा जीव हॅटमध्ये नाही. शहर कोणाच्या पैशावर चालतं, पोलीस कोणाचे नोकर आहेत आणि कोणाचा मुडदा मोजलाच जात नाही, हे सांगण्यात आहे. ज्याला हे दिसत नाही, त्याने या कादंबऱ्या वाचलेल्या नाहीत, फक्त चघळल्या आहेत.

हॅमेटपासूनच घ्या. १९१५ मध्ये तो पिंकर्टन या खासगी हेरसंस्थेत नोकरीला लागला. संप फोडण्यासाठी मालकांना माणसं पुरवणारी म्हणून ही संस्था कुप्रसिद्ध होती. हॅमेटने तो धंदा आतून पाहिला आणि १९२९ मध्ये ‘रेड हार्वेस्ट’ लिहिली. खाणीवर जगणारं एक गाव. खाण, बँक, वर्तमानपत्र सगळं एका म्हाताऱ्याच्या मालकीचं. कामगारांचा संप चिरडायला त्याने भाडोत्री गुंड आणले. संप मोडला, पण गुंड गेले नाहीत, त्यांनी गावच बळकावलं. कादंबरीतली सगळी प्रेतं या एका व्यवहारातून पडतात. शेवटी गुंड मरतात, लष्करी अंमल येतो आणि गाव परत कोणाच्या हाती जातं? त्याच म्हाताऱ्याच्या. हेराला नाव नाही, त्याच्या तोंडी नीतीचं भाषण नाही. या पुस्तकाला ‘वेगवान थरार’ म्हणून शिफारस करणाऱ्यांचा मला राग येतो, कारण ते लेखकाच्या रागावर पाणी ओततात.

आणि तो राग कागदापुरता नव्हता. १९५१ मध्ये हॅमेट तुरुंगात गेला. सिव्हिल राइट्स काँग्रेस या डाव्या संघटनेच्या जामीन निधीचा तो विश्वस्त होता. निधीला पैसे कोणी दिले ती नावं न्यायालयाने मागितली. त्याने दिली नाहीत. क्षयाने पोखरलेला सत्तावन्न वर्षांचा माणूस शिक्षा भोगून आला. त्याच वर्षी मिकी स्पिलेनची ‘वन लोन्ली नाइट’ बाजारात आली. तिचा नायक माइक हॅमर कम्युनिस्टांना मशिनगनने उडवतो आणि त्याबद्दल स्वतःवर खूश असतो. स्पिलेनची पुस्तकं लाखोंनी खपली. एका लेखकाने गप्प राहून कैद पत्करली, दुसऱ्याने झुंडीच्या हातचं पिस्तूल एका माणसाच्या हाती देऊन त्याला नायक म्हटलं. दोघांना एकाच फळीवर ठेवणारी ‘हार्डबॉइल्ड’ नावाची चिठ्ठी फाडून टाकायच्या लायकीची आहे.

आता चँडलर. इथे भक्तमंडळी सर्वात जास्त दुखावतात, म्हणून इथेच थांबून सविस्तर बोलतो. त्याचं गद्य अव्वल आहे, लॉस एंजेलिसचा उकाडा, पैसा आणि सडका वास त्याच्याइतका कोणी पकडला नाही, हे मी कोणालाही सांगेन. पण १९४० ची ‘फेअरवेल, माय लव्हली’ काढा आणि सुरुवातीची प्रकरणं नीट वाचा. आठ वर्षं तुरुंगात काढून आलेला मूस मॅलॉय नावाचा राक्षसी अंगाचा गोरा माणूस सेंट्रल अॅव्हेन्यूवरच्या फ्लोरियन्स या बारमध्ये शिरतो. त्याला त्याची जुनी मैत्रीण व्हेल्मा हवी आहे. बार आता काळ्या लोकांचा झाला आहे. तिची माहिती नसलेल्या काळ्या मॅनेजरला तो आतल्या खोलीत ठार करतो. चँडलरचा हेर फिलिप मार्लो बाहेर हजर आहे. तपास नल्टी नावाच्या कंटाळलेल्या पोलिसाकडे जातो. मेलेला काळा आहे, पेपरात जागा मिळणार नाही, म्हणजे आपल्याला नाव नाही, एवढंच त्याचं दुःख.

चँडलरचे वकील लगेच म्हणतात, बघा, त्याने वर्णद्वेष उघडा पाडला! नल्टीचा पाडला, मान्य. पण पुढे काय होतं? कादंबरी जेडच्या हाराकडे वळते, गूढविद्येच्या भोंदू गुरूकडे वळते, समुद्रातल्या जुगाराच्या बोटींकडे वळते. त्या मॅनेजरच्या घरी कोण होतं, हे मार्लो विचारत नाही. मेलेला माणूस गोष्ट सुरू करण्यापुरता कामाला आला आणि संपला. नल्टीला जे करताना लेखकाने दाखवलं, तेच लेखकाने स्वतः केलं. आणि याच चँडलरने १९४४ मध्ये ‘द सिंपल आर्ट ऑफ मर्डर’ हा निबंध लिहून हेराला घाणीतून चालत जाणारा निष्कलंक वीर करून टाकलं. हॅमेटचा हेर घाणीत बरबटतो आणि त्याला ते कळतं. मार्लो स्वच्छ राहतो, कारण ज्या मुडद्यांनी त्याचे हात खराब झाले असते, त्यांच्याकडे त्याची पाठ आहे.

बायकांचंही तेच. चँडलरच्या मार्लो-कादंबऱ्या सात. त्यांतल्या पहिल्या सहांपैकी प्रत्येकीत एक तरी खून बाईच्या नावावर आहे. एकदा झालं तर रहस्य, दोनदा झालं तर योगायोग, सहा वेळा झालं तर ती लेखकाची समजूत आहे. साचा म्हणून ती पुढच्या शेकडो लेखकांनी उचलली.

या साच्याला खरं उत्तर दिलं ते यादीत नसलेल्या माणसाने. चेस्टर हाइम्स. १९०९ चा जन्म. एकोणिसाव्या वर्षी सशस्त्र दरोड्यासाठी वीस ते पंचवीस वर्षांची शिक्षा. ओहायोच्या तुरुंगात त्याने लिहायला सुरुवात केली, १९३४ मध्ये तिथूनच ‘एस्क्वायर’मध्ये छापून आला. सुटल्यावर चांगल्या कादंबऱ्या लिहिल्या, पण अमेरिकेत पोट भरेना. १९५३ मध्ये देश सोडला. पॅरिसमध्ये गालिमार प्रकाशनाच्या ‘सेरी न्वार’ मालेचा संपादक मार्सेल द्युहामेल याने त्याला गुप्तहेरकथा लिहायला लावलं. पहिल्याच पुस्तकाला १९५८ मध्ये फ्रान्सचा रहस्यकथांचा मोठा पुरस्कार मिळाला. ज्याला स्वतःच्या देशाने उभं केलं नाही, त्याला परक्या भाषेने डोक्यावर घेतलं.

त्याचे दोन पोलीस, कॉफिन एड जॉन्सन आणि ग्रेव्ह डिगर जोन्स, न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतले काळे डिटेक्टिव्ह. वरचे साहेब गोरे, खालची जनता काळी, आणि हे दोघे मध्ये चेपलेले. १९६५ ची ‘कॉटन कम्स टू हार्लेम’ घ्या. सत्याऐंशी गरीब कुटुंबांनी आफ्रिकेला परत जाण्याच्या आशेने प्रत्येकी हजार डॉलर दिलेले आहेत. योजना एका भोंदू पाद्र्याची. ते सत्याऐंशी हजार डॉलर गोरे दरोडेखोर लुटतात आणि पैसा कापसाच्या गठ्ठ्यात दडवला जातो. त्या कापसाला गुलामीचा सगळा इतिहास चिकटलेला आहे, हे हाइम्स एकदाही समजावून सांगत बसत नाही. शेवटी हे दोघे दरोड्यामागच्या गोऱ्या कर्नलकडून पैसे वसूल करून कुटुंबांना परत करतात. कर्नल अलाबामात पळतो, आणि ते राज्य त्याला परत पाठवायला नकार देतं. कारण? काळ्या माणसाला मारणं हा तिथे खूनच नाही. चँडलरचा नल्टी जे पुटपुटला, ते हाइम्सने सरकारी उत्तर म्हणून लिहून ठेवलं. १९६९ च्या ‘ब्लाइंड मॅन विथ अ पिस्टल’मध्ये तर त्याने खुनांचा उलगडाही दिला नाही. शहरात दंगल पेटलेली आणि हे दोन शूर पोलीस पाडकाम चाललेल्या इमारतींतून पळणाऱ्या उंदरांवर गोळ्या झाडत उभे. गुप्तहेरकथेने याहून प्रामाणिक शेवट केलेला मला ठाऊक नाही.

वॉल्टर मोझली हाइम्सनंतरचा. १९९० ची ‘डेव्हिल इन अ ब्लू ड्रेस’ १९४८ च्या लॉस एंजेलिसमध्ये घडते आणि तिचं पहिलं दृश्य चँडलरला दिलेलं थेट प्रत्युत्तर आहे. काळ्यांच्या बारमध्ये एक गोरा माणूस शिरतो, पण या वेळी कॅमेरा आतल्या काळ्या माणसाच्या डोळ्यांत आहे. ईझी रॉलिन्स महायुद्ध लढून आलेला, विमान कारखान्यातली नोकरी गेलेली, घराचा हप्ता थकलेला. तो हेर होतो ते घर वाचवायला. सारा पॅरेट्स्कीची व्ही. आय. वॉर्शॉव्स्की १९८२ मध्ये शिकागोत अवतरली ती विमा कंपनी आणि कामगार संघटनेतल्या लबाडीचा माग काढत. ज्या बाईला जुन्या कथांत शेवटच्या पानावर बेड्या पडायच्या, तीच आता तपास करते. मॅक्डोनाल्डला मी कमी लेखत नाही. सँटा बार्बराच्या १९६९ च्या तेलगळतीनंतर ‘स्लीपिंग ब्यूटी’ लिहिणारा तो माणूस सजग होता. पण त्याचे गुन्हे बहुधा श्रीमंत घरांच्या माजघरात जन्मतात आणि तिथेच फिटतात.

आपल्या वाचकांची एक अडचण वेगळी आहे. रेल्वे स्टेशनांवर आणि मुंबईच्या फुटपाथवर आपल्याला ‘अमेरिकन क्राइम’ म्हणून मिळाला तो जेम्स हॅडली चेस. तो लंडनचा इंग्रज होता आणि नकाशे नि बोलीचे कोश समोर ठेवून त्याने अमेरिका रंगवली. त्यातून अमेरिकेची हॅट मिळते, अमेरिका मिळत नाही. पण समीक्षकांना ही सबब चालणार नाही. १९७२ मध्ये दलित पँथरने ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं, तेव्हापासून अमेरिकन काळ्या साहित्याची आपण तोंडभरून चर्चा करत आलो. मी ऐकलेल्या आणि वाचलेल्या त्या चर्चांत हाइम्सची हार्लेम-मालिका कुठेच नव्हती. का? कारण ती रहस्यकथा. बाबुराव अर्नाळकरांना ज्या तुच्छतेने पंक्तीबाहेर बसवलं, तीच तुच्छता इथे. हा समीक्षेचा विवेक नव्हे, ही पंक्तिभेदाची सवय आहे आणि ती निषेधार्ह आहे.

मराठी प्रकाशकांना माझं सांगणं आहे: हाइम्सची हार्लेम-मालिका मराठीत आणा, आणि अनुवाद अशा माणसाकडे द्या ज्याला वस्तीतली मराठी येते. वाचकांनी तोवर थांबू नये. ‘रेड हार्वेस्ट’ वाचा, ‘कॉटन कम्स टू हार्लेम’ वाचा, मग चँडलर उघडा आणि फ्लोरियन्समधल्या त्या मॅनेजरचं पुढे काय झालं ते स्वतः शोधून पाहा.